तापलेल्या चांदीचं वजन

निकाल लागला आणि माझ्या मुलीनं जेवण सोडलं. रागानं ताट ढकललं असतं तर मला ते कळलं असतं, आमच्या घरात सगळ्यांनीच कधी ना कधी ढकललंय. ही ताटाकडं बघायची, भात बोटांनी चिवडायची आणि म्हणायची, "नंतर जेवते." ते नंतर काही येत नसे.

निकाल बारावीचा नव्हता. बारावीत तिला चांगले गुण होते. भौतिकशास्त्र शिकायला तिला जिथं जायचं होतं, तिथल्या प्रवेशपरीक्षेचा होता. तिचा नंबर लागला नाही. मोबाईल माझ्यापुढं धरून तिनं ते मला दाखवलं, मग तो पालथा ठेवला आणि मागच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून निजली. मी म्हणालो, "आगं, मी आठवीत शाळा सोडली. माझं काय अडलं?"

तिनं मान वळवून बघितलं फक्त. माझं काय काय अडलं ते ती लहानपणापासून बघत आली होती. बँकेतला कागद तीच वाचून दाखवायची, दवाखान्यात तीच माझ्या वतीनं बोलायची. ती पुन्हा भिंतीकडं वळली. त्यानंतर माझ्याशी बोलणंही बंद झालं.

आम्ही गलाईवाले. सांगलीकडच्या दुष्काळी गावांतली माणसं. देशातल्या कुठल्याही सराफ बाजारात जा, मागच्या बोळात आमच्यातला कुणीतरी भट्टी पेटवून बसलेला असतो. जुनं सोनं, जुनी चांदी गाळायची, हीण काढायचं, चोख करून द्यायचं. सराफाच्या दुकानातला केरसुद्धा आम्ही घेऊन येतो आणि त्यातले कण वेगळे काढतो. मामानं मला शाळेतून उचललं ते थेट भट्टीसमोर बसवलं. दोन-तीन गावं फिरून शेवटी मी मध्य प्रदेशात बालाघाटला टेकलो. इथं सगळा हिंदीचा कारभार, पण पहिल्याच आठवड्यात बोळात मराठी कानावर पडली. ती माझी मराठी नव्हती, ‘मले-तुले’वाली होती. तरी मला वाटलं, कुणीतरी दार उघडून आत घेतलं.

दार खरोखरच उघडलं ते मावशींनी. त्या माझ्या घरमालकीण. नवरा तिरोडीच्या खाणीत होता, तो गेल्यावर त्यांनी इथलं घर नीट करून पुढची खोली मला दुकानाला दिली आणि अंगणापलीकडच्या दोन राहायला. परक्या मुलखातल्या, आगीचा आणि धुराचा धंदा करणाऱ्या माणसाला कोण जागा देतं? मावशींनी दिली. दर पौर्णिमेला विहारातून येताना आमच्यासाठी खीर आणायच्या. माझी मुलगी त्यांच्याच अंगणात चालायला शिकली. तेव्हा बायको इथंच होती. पुढं माझ्या आईनं अंथरूण धरलं आणि बायको धाकट्याला घेऊन गावी राहिली. मुलीचं शिक्षण इथं चालू होतं म्हणून ती माझ्याजवळ.

बायकोचा रोज फोन यायचा. "दे तिला." मी म्हणायचो, "झोपलीय." एकदा ती म्हणाली, "दिवसभर झोपतीय व्हय?" मी म्हणालो, "उन्हाळाय गं. इथं सगळेच झोपतात."

आमच्या धंद्यात चांदी-सोनं चोख करायला तेजाब, म्हंजे ॲसिड लागतं. हे सांगताना अजून अडखळतो. आजवर त्या बाटल्या भिंतीशी ओळीनं उभ्या असायच्या आणि मला त्यांचं काही वाटलं नव्हतं. आता मी त्या सगळ्या लोखंडी कपाटात कोंबल्या, कुलूप घातलं आणि किल्ली करगोट्याला बांधली. तरी मी गिऱ्हाइकाशी बोलताना मध्येच उठून अंगण ओलांडून जायचो आणि दाराच्या फटीतून तिची पाठ हलतेय का ते बघायचो. लालबर्ऱ्याहून आलेली एक बाई तिचे चांदीचे तोडे वितळायला देऊन समोर बसली होती. आमच्यात रिवाज असा की माल मुशीत गेल्यापासून गोळी हातात येईपर्यंत गिऱ्हाइकानं जागचं हलायचं नाही आणि गलाईवाल्यानंही. मी दोनदा उठलो. ती हिंदीत म्हणाली, "भैया, आग पे मेरा माल है और तुम घूम रहे हो." तिचं बरोबर होतं. पण मी कसा बसणार?

दुकानात डाव्या हाताला एक लाकडी स्टूल आहे, ते तिचं. शाळेतून आली की दप्तर टाकून तिथं बसायची. भट्टी रसरसली की ती बोलायला लागायची. अकरावीपासून तर एकच विषय. जगात जे काही आहे ते म्हणे कणांचं नाही, तारांचं आहे. इतक्या बारीक तारा की कुठल्याही यंत्रानं दिसायच्या नाहीत. ती तार एका तऱ्हेनं थरथरली की प्रकाश, दुसऱ्या तऱ्हेनं थरथरली की आणखी काही. मी म्हणालो, "म्हंजे एकाच तारेच्या एकतारीवर सगळी भजनं." ती हसली होती. म्हणाली, "तसंच समजा."

तिनं मला समजावं म्हणून सराफीतले दाखले शोधले होते. प्रकाशाची तार उघडी असते, दोन टोकांची. आपलं जग म्हणजे एक पातळ पत्रा समजायचा, ती टोकं त्या पत्र्याला डाख देऊन, झाळून चिकटवल्यासारखी असतात, म्हणून प्रकाश पत्रा सोडून जाऊ शकत नाही. गुरुत्वाकर्षणाची तार मात्र साखळीच्या कडीसारखी, बंद. तिला टोकच नाही, तर डाख कुठं देणार? ती घरंगळते, पत्र्यावरून बाहेरही जाते. म्हणून तर गुरुत्वाकर्षण एवढं कमजोर, बहुतेक बाहेरच सांडतं. मी विचारलं, "बाहेर म्हंजे कुठं?" ती म्हणाली, "ते कुणालाच माहीत नाही. हे सगळं अजून अंदाजच आहे, पप्पा. कुणी तार पाहिलेली नाही." हे ती इतक्या आनंदानं म्हणायची, जणू ते न पाहिलेलं तिलाच बघायचंय.

आता ती भिंतीकडं तोंड करून पडली होती आणि स्टूल रिकामं होतं.

मी काय करू शकत होतो? तिच्या मैत्रिणी येऊन गेल्या, त्यांच्याशी ती बोलली नाही. डॉक्टरांनी ताकदीची गोळी दिली आणि सांगितलं, बोलतं ठेवा. मावशी तिच्या पायथ्याशी बसून डोक्यावरून हात फिरवायच्या. बाहेर येऊन मला म्हणायच्या, "भाऊ, तिले बोलतं करा. माह्याशी काय बोलन ते? मले तिचं काही समजत नाही. तुमीच काही विचारा तिले, तिच्या कामाचं."

तिच्या कामाचं म्हणजे तेच. मी मोबाईलवर हिंदीत शिकवणारे मास्तर शोधले. भट्टी पेटवायची, मोबाईल स्टुलावर उभा करायचा आणि बघत बसायचं. दहातलं एक समजायचं. परीक्षा माझीच असल्यासारखा मी तोच भाग पुन्हा पुन्हा लावायचो. जेवढं समजलं त्याचा प्रश्न करायचा आणि तिच्या उंबऱ्यावर बसून विचारायचा.

"का गं, प्रकाशाला वजन नाही म्हणतात. मग सूर्याजवळून जाताना तो वाकतो कसा?"

पाठ.

"का गं, ती गुरुत्वाची कडी बाहेर पडती, तर मग परत आत येत असंल का?"

पाठ. मी थोडा वेळ बसून उठायचो. कपाटाचं कुलूप ओढून बघायचो. पुन्हा मोबाईल लावायचो. असं किती दिवस चाललं ते मला सांगता येणार नाही. मला आठवतंय ते एवढंच, की ती उपाशी असताना तिच्यासमोर जेवायची लाज वाटायची, म्हणून मी चोरून दोन घास खायचो.

एका मास्तरानं सांगितलं, वेगानं धावणारी वस्तू जड होते. प्रकाशाच्या वेगाजवळ गेली तर फारच जड. ते माझ्या डोक्यात राहिलं. दुसऱ्यानं सांगितलं, वस्तू तापते म्हणजे तिच्या आतले कण जोरजोरानं धावायला लागतात. मी भट्टीकडं बघत बसलो. धावणारं जड होतं, तापलेलं आतून धावतं. म्हणजे तापलेली चांदी थंड चांदीपेक्षा जड असली पाहिजे. हे कुणी मला सांगितलं नव्हतं, दोन मास्तरांच्या मधे मीच डाख दिला होता. आठवी सोडल्यापासून कुठल्या गोष्टीवर असा मी एकटा जाऊन पोचलो नव्हतो.

आता गरम माल काट्यावर चढवायचा नाही, हा आमचा पहिला धडा. मामानं माझ्या हातावर चिमटा मारून शिकवलेला. कारण विचारलं तर म्हणायचा, "आग आपला वाटा काढून घेती आणि गार झाल्यावर परत देती. मधल्या वेळात वजन केलंस तर गिऱ्हाईक तुला चोर म्हणंल." सगळे गलाईवाले हे पाळतात. मीही उभ्या जन्मात मोडलं नव्हतं. त्या दिवशी मोडलं. माझ्याच चांदीची एक गोळी घेतली. काट्यावर विटेचा तुकडा ठेवला, त्यावर गोळी ठेवून वजन बघितलं. मग गोळी लाल होईपर्यंत तापवली, वितळू दिली नाही, आणि चिमट्यानं उचलून विटेवर ठेवली.

वजन कमी आलं.

आकडे थरथरत होते आणि गोळी काळी पडत जाईल तसे हळूहळू वर चढत होते. मी तीनदा केलं. दर वेळी तापली की हलकी, निवली की पहिल्याइतकी. मामा म्हणत होता तेच. आग वाटा घेत होती. आणि माझ्या मुलीचं भौतिकशास्त्र सांगत होतं की वजन वाढायला पाहिजे. वाटलं, मी काहीतरी भलतं बघितलंय. वाटलं, ती सगळी शास्त्रज्ञ मंडळी चुकलीत. आणि लगेच वाटलं, मी अडाणी, माझंच डोकं फिरायला लागलंय. घरात एक जण अंथरुणात आणि दुसरा असा, तर मग हिच्याकडं बघणार कोण?

पण प्रश्न मिळाला होता. खरा प्रश्न, ज्याचं उत्तर मलाही पाहिजे होतं.

दुपार होती. मी काटा उचलून अंगणात आणला, तिच्या दाराबाहेर फरशीवर ठेवला. छोटी शेगडी आणली, कोळसे फुंकले. मावशी तांदूळ पाखडत बसल्या होत्या. सूप थांबवून म्हणाल्या, "काहून भाऊ? दुकान जळलं का?"

"प्रयोग करतोय मावशी."

"कायचा?"

मी मुद्दाम मोठ्यानं सांगायला लागलो. धावणारं जड होतं, तापलेलं आतून धावतं, सगळं. तोंड मावशींकडं आणि आवाज दाराच्या आत. मग गोळी ठेवली. "बघा आता. हे गार गोळीचं वजन. हे तापल्यावरचं. कमी आलं का नाही?"

मावशी वाकल्या. चष्मा नव्हता, मला आकडे वाचून दाखवायला लावले. मग सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

"हे तं होईनच ना भाऊ. पापड नाही का? कच्चा असते तं भारी, भाजला का हलका."

"पापडातलं पाणी जातं मावशी. चांदीत पाणी कुठाय?"

"पाणी नसन तं काही दुसरं असन. उजेड गेला ना तिचा. लाल होती ना ते, उजेड तिच्यातूनच बाहेर पडून राह्यला. उजेड गेला तं तेवढं वजन कमी."

"आवो, पण मग गार झाल्यावर वजन परत येतंय. गेलेला उजेड परत येतो का?"

"येत असन. आपल्याले का दिसते सगळं?" मावशींनी एक खडा वेचून फेकला. "मी सांगतो तुमाले, जगात जे तापलं ते हलकं होते. माणूसबी. माह्या मालकाले ताप आला होता तं पाण्यावानी हलका झालता. मी एकटीनं उचलला."

"मावशी, ताप आल्यावर माणूस हलका नाही होत, वाळतो."

"तुमाले काय माहीत? तुमी होते का तिथं?"

मीही चिडलो होतो. खरंच सांगतो, त्या घडीला मी दाराकडं बघायचं विसरलो होतो. मी म्हणालो, आग वाटा घेते, असं आमच्यात म्हणतात. त्या म्हणाल्या, आगीले का तोंड आहे का वाटा खायले? मी म्हणालो, मग उजेडाला पाय आहेत का परत यायला?

"हवा है वो."

आतून आवाज आला. बसलेला, खरखरीत, कितीतरी दिवस न वापरलेला.

मावशींनी माझ्या गुडघ्यावर हात दाबला, म्हणजे हलू नका. मग माझ्याकडं न बघता, पहिल्याइतक्याच मोठ्यानं म्हणाल्या, "हवा कायची? वारा कुठी आहे? पान नाही हलून राह्यलं."

मग खाट करकरली.

ती दारात येऊन उभी राहिली. भिंतीला धरून. उजेडात बघितलं तर ती इतकी वाळली होती, की ओढणी खांद्यावर टिकत नव्हती. ती आमच्याकडं बघत नव्हती, काट्याकडं बघत होती. तिच्या चेहऱ्यावर वैताग होता. साधा वैताग, मोठ्या माणसांनी गणित चुकीचं सोडवल्यावर मुलांना येतो तो.

"बाहेरचा वारा नाही, आजी. गोळीच्या आजूबाजूची हवा गरम होते, वर जाते. जाताना गोळीलाही थोडी वर ढकलते. म्हणून काट्यावर दाब कमी. गोळी गार झाली, हवा थांबली, वजन परत. बस्स." एवढं बोलून तिला धाप लागली. ती उंबऱ्यावर बसली.

"म्हंजे वजन कमी झालंच नाही?" मी विचारलं.

"नाही."

"मग वाढलं?"

ती काट्याकडं बघत राहिली. मला माहीत होतं की आता ती उठली तर पुन्हा भिंतीकडं जाईल आणि माझ्याजवळ दुसरा प्रश्न नव्हता.

"वाढलं," ती म्हणाली. "तुम्ही बरोबर विचार केला होता. फक्त आता धावल्यावर वस्तुमान वाढतं असं कुणी म्हणत नाही, ती जुनी भाषा आहे. ऊर्जा वाढते म्हणतात. पण तापलेल्या गोळीत ऊर्जा जास्त, तेवढं तिचं वजनही जास्त. खरंच जास्त. आणि आजी, तुमचं उजेडाचं पण सगळं चूक नाही. उजेड बाहेर पडतो तशी ती ऊर्जाही जाते."

"पाहा," मावशी मला म्हणाल्या.

"किती जास्त?" मी म्हणालो.

"तुमच्या काट्यावर जन्मात दिसणार नाही."

"तरी पण किती?"

मावशींनी भिंतीवरच्या कॅलेंडरचं गेल्या महिन्याचं पान फाडलं आणि तिच्यापुढं टाकलं. पेन माझ्या खिशात होता. ती मला विचारायला लागली, गोळी किती ग्रॅमची, तापली किती असेल. मी म्हणालो, "आकडा नाही सांगता येत, रंग सांगतो. जांभळासारखी होऊन पुढं डाळिंबी झाली होती." तिनं त्यावरून काहीतरी धरलं. पहिल्या दोन ओळी तिनं खोडल्या. मावशी उठून आत गेल्या आणि वाटीत वरणभात कालवून घेऊन आल्या. वाटी तिच्या डाव्या हाताशी ठेवली आणि परत तांदूळ पाखडायला बसल्या, जसं काही ती वाटी कुणाचीच नव्हती.

ती शून्यं काढत होती. पॉइंटच्या पुढं शून्यं, शून्यं, ओळ वळून खाली आली तरी शून्यं. त्या शून्यांच्या शेवटी कुठंतरी एक आकडा होता. "हे एवढं," ती म्हणाली. मी त्या आकड्याकडं बघत बसलो. मला तो वाचताही आला नसता. माझा अंदाज त्या शून्यांच्या पलीकडं खरा निघाला होता, आणि तेवढ्यात मला त्याचं काहीच वाटेनासं झालं, कारण तिचा डावा हात वाटीत गेला होता.

एक घास. मग पुन्हा पेन. मग आणखी एक.

मी घाबरलो. ती थांबली तर? मी जे सुचेल ते विचारत सुटलो. मग तारा जास्त थरथरल्या म्हणून वजन वाढलं का? ती म्हणाली, तसं म्हणता येईल, तारा असल्या तर. आणि नसल्या तर? तर दुसरं काहीतरी असेल, शोधावं लागेल. आणि ती गुरुत्वाची कडी, ती हवेला ओढते का नाही? ओढते. आणि उजेडाला? त्यालाही. वजन नसलं तरी? हो, ऊर्जा आहे ना. मग उजेडावर उजेडाचा भार पडतो का? तिनं पेन खाली ठेवला. तोंडात घास होता. तो तिनं गिळला, पाण्याचा तांब्या ओढला, आणि माझ्याकडं बघितलं. निकालाच्या दिवसानंतर पहिल्यांदा.

"पप्पा," ती म्हणाली, "आता मला जेवू द्या."

शेगडीतले कोळसे विझत आले होते. त्यांच्याकडं बघायच्या निमित्तानं मी पाठ केली. मागून वाटीत बोटं फिरल्याचा आवाज येत होता.